तोंडी नको, लेखी माग

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सारखी म्हणत होतीस, "बाबा, तसे साहेब चांगले आहेत हो." असतीलही. पण ज्या ग्राहकांचं काम तुला तोंडपाठ आहे, त्यांच्या बैठकीला आता दुसरा कुणी जाणार आणि त्याचं सादरीकरण तू मागे बसून करून देणार. का, तर ओठांच्या कडेला आणि डोळ्यांभोवती कोडाचे डाग दिसू लागले. "तुझ्यावर ताण नको" असं म्हणाले म्हणे. तू आराम मागितलाच नव्हतास. काम पूर्वीइतकंच ठेवलंय, फक्त चेहरा दिसणार नाही अशी सोय केलीय. गोड बोलून केला तरी हा भेदभावच आहे, आणि मला त्याचा संताप आला आहे.

हा रोग संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, हे तू त्यांना समजावलंस. खरंच आहे ते. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तिथली कातडी पांढरी पडते. जगात शंभरातल्या साधारण एकाला हे होतं. पण हा खुलासा एकदा केलास तेवढा पुरे. (आणि कुष्ठरोग बरा झालेल्या माणसाला असं बाजूला बसवलं असतं, तर ते काय योग्य ठरलं असतं?) आपल्यापासून कुणाला धोका नाही असा दाखला तू रोज देत बसलीस, तर चर्चा तुझ्या त्वचेचीच होत राहील. व्हायला हवी ती त्यांच्या निर्णयाची. त्यांना संसर्गाची भीती नाहीच. "बरं दिसत नाही" एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

तुझ्याकडे येऊन गेल्यापासून आईला एक काळजी लागली आहे. संध्याकाळी घरी आल्यावर हनुवटीवरचा मेकअप तू कापसाने खसाखसा पुसतेस, कातडी लाल होईपर्यंत. तसं करू नकोस. कोड असलेल्यांची कातडी जिथे घासली, खरचटली जाते तिथे नवे डाग उठू शकतात. तेल लावून थोडं थांब आणि हलक्या हाताने काढ. मेकअप करायचा की नाही, हे तू ठरव. तुला बरं वाटतं म्हणून करत असशील तर माझं काही म्हणणं नाही. साहेबांनी सुचवलं म्हणून रोज लवकर उठून करत असशील, तर नोकरीच्या कुठल्या अटीत ते बसतं हे त्यांनी दाखवावं.

मी सगळी नोकरी आस्थापना विभागात काढली. माणसाला बाजूला सारायचं असलं की हुकूम हटकून तोंडी येतो. कागदावर "चेहऱ्यावरील डागांमुळे" असं लिहायला कुणाचा हात धजत नाही. म्हणून तू ईमेल लिही. अमुक तारखेला मला ग्राहकांच्या बैठकांतून वगळल्याचं सांगण्यात आलं. ते कामातल्या कोणत्या उणिवेमुळे आणि किती काळासाठी, हे कृपया कळवावं. बस. आजाराचा इतिहास नको, आर्जवं नकोत. मागच्या मूल्यमापनाची प्रत जोड. ग्राहकच कुरकुरतात असं म्हणाले तर कोण, कधी, ते विचार. उत्तर नाही आलं तरी तुझ्याकडे तारीख राहील. उद्या बढतीच्या वेळी "हिला ग्राहकांचा अनुभव कमी पडतो" असा शेरा आला, तर तीच उपयोगी पडेल. अशा गोष्टींचा खरा फटका तिथे बसतो.

कायद्याचंही विचारलं होतंस. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात बाह्यरूपातलं गंभीर व्यंग, रोजच्या कामात त्याने अडथळा येत नसला तरी, अपंगत्व मानलं जातं. भारतातल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, ॲसिडहल्ल्याचे बळी आहेत, कोड नाही. नुसत्या दिसण्यावरून माणसाची वाट अडवली जाते हे तिथे पटलं आणि इथे पटलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच वकिलाकडे जाताना हातात कागद हवेत.

प्रकाशोपचार सोडू नकोस. आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने जावं लागतं. त्या वेळेची सवलतही लेखी मागून घे. चेहऱ्यावर रंग परतण्याची शक्यता बोटांच्या टोकांपेक्षा बरीच चांगली असते. पण "डाग गेले की बैठकीला जाईन" असं मनाशी ठरवू नकोस. पुढच्या बैठकीला जायचंय, असंच धरून तयारी कर.

राजीनामा लिहून ठेवलायस असं आईकडून कळलं. तो निदान या ईमेलचं उत्तर येईपर्यंत देऊ नकोस. त्यानंतरही तिथे राहावंसं वाटलं नाही तर खुशाल सोड, आम्ही आहोत. मसुदा मात्र पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
बाबा