चौऱ्याऐंशी

वडोदरा,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अव्या,

हे पाकीट उघडण्याआधी तू दोनदा उलटंपालटं करून पाहिलं असशील. मन्याचं पत्र, आणि तेही पोस्टानं, म्हणजे एक तर हा गेला किंवा याला पैसे हवेत. दोन्ही नाही. काकू गेल्या त्याला आठ महिने झाले आणि मी काय पाठवलं, तर मोबाइलवर हात जोडलेलं एक पिवळं चित्र. त्यांच्या हातचे गुळाचे शंकरपाळे खाऊन ज्याचा हा देह झाला, त्यानं. नंतर रोज फोन करायचं ठरवायचो आणि जितके दिवस गेले तितकी लाज वाढत गेली. शिव्या घाल, पण पुढचं वाच.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, साखर काठावर, गुडघे बोलतात. सुनीता मजेत. वजनाचं पुढे येतं, पत्रच त्याचं आहे.

खालचा छापखाना अखेर रिकामा झाला. भटकाकांच्या मुलानं यंत्र भंगारात काढलं, मला रडू आलं, त्याला नाही. तर ती जागा मुक्ताला हवी आहे. तिची फिजिओथेरपीची नोकरी आहेच, पण आता स्वतःचं काहीतरी करायचं म्हणते. काय, तर जिम. म्हटलं काढ, गावात अजून एक. तर म्हणाली, "बाबा, फक्त जास्त वजनाच्या लोकांसाठी. बाकीच्यांना प्रवेश नाही." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला कळलं, पहिला सभासद कोण ते.

मी चिडलो. दांडिया बाजारात, आपल्या घराच्या खाली, जाड्यांचा पांजरपोळ? जुम्मादादा आणि माणिकराव या वस्तादांचं गाव हे. इथं जड माणूस आखाड्यात शिरला की लोक वाट करून द्यायचे, आणि आता त्याला वेगळं दार? तिनं निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मागच्या वर्षी तुम्ही का सोडलीत?"

हे तुला सांगितलंच नव्हतं. मी गेलो होतो जिमला. एकोणीस दिवस. ट्रेडमिलच्या बाजूला एक छोटं स्टिकर होतं, कमाल वजन ११० किलो. मी ११४. एकोणीस दिवस त्या स्टिकरवर नॅपकिन टाकून चाललो. पट्टा जरा कुरकुरला की मी इकडेतिकडे पाहायचो, कुणी ऐकलं का म्हणून. सायकलची सीट कुणाच्या मापाची होती देव जाणे, आपल्या दोघांच्या नक्कीच नाही. पण ते सोड. मला तिथं कुणी हसलं नाही रे. हसले असते तर आपल्याला शाळेपासून सवय आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सात मिनिटं सलग चाललो म्हणून. "काका, तमे तो जबरजस्त!" एकानं व्हिडिओ काढला, लोकांना प्रेरणा मिळते म्हणे. सत्तावन्न वर्षांचा माणूस, दोन बँका फिरून आलेला, आणि पहिलं पाऊल टाकलेल्या बाळासारखं माझं कौतुक. विसाव्या दिवशी गेलो नाही. वर्षाचे पैसे भरलेले होते, ते परत मिळत नाहीत हे पावतीच्या मागं बारीक अक्षरात होतं.

मुक्ताचं म्हणणं लाजेपेक्षा सामानाबद्दल जास्त आहे, हे मला नंतर उमगलं. रुंद बाक, पाठ टेकायची सायकल, हात नसलेल्या खुर्च्या, भिंतीला धरायला दांडी. वजन एक किलो कमी झालं तर गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी उतरतो, हे तिनं मला पेन्सिलनं काढून दाखवलं. आणि बीपीचा पट्टा! तुझाही दंड माझ्यासारखाच, तेव्हा हे नीट वाच. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो. तो पट्टा माझ्या दंडावर दोनदा फाट्‌दिशी उघडायचा, तिसऱ्यांदा कसाबसा बसायचा आणि १४८ दाखवायचा. त्यावर एका डॉक्टरनं माझी गोळी वाढवली होती. मुक्तानं मोठा पट्टा आणला, १३४. दुसऱ्या डॉक्टरनं आठवडाभराचं रीडिंग मागवलं आणि गोळी पुन्हा पहिल्यावर आणली. म्हणजे वर्षभर मी दंडाच्या जाडीवर औषध खात होतो.

तिनं मला शिकागोची एक जिम मोबाइलवर दाखवली. डाउनसाइज फिटनेस नावाची, चौदाएक वर्षांपूर्वीची. निदान पन्नास पौंड, म्हणजे तेवीसेक किलो जास्त असतील तरच आत घेत. काचा धूसर केलेल्या, रस्त्यावरून कुणी दिसू नये म्हणून. मी म्हटलं, ही पडदा पद्धत झाली. ती म्हणाली, अकरा ते चार फक्त बायकांची बॅच असते तेव्हा तुम्ही कधी पडदा पद्धत म्हणालात का? गप्प बसलो. वकील व्हायला हवी होती, पण तुझ्या सल्ल्यानं सायन्सला घातली.

बरं, आत घ्यायचं कुणाला? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तीसच्या वर असेल त्याला, म्हणे. जगात तीसपासून लठ्ठ, पण आपल्या लोकांना पंचविसालाच धरतात, कारण आपली चरबी पोटावर साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. पंचवीस धरलं तर दांडिया बाजार अख्खा आत येईल आणि बाहेर फक्त मुक्ता उरेल. माझा बीएमआय चाळीस. दहावीच्या गणितात मला एवढे नव्हते. मी गंमत म्हणून गामा पैलवानाचा काढला. कमाटीबागेच्या म्यूझियममधला तो दगड, १९०२ साली त्यानं इथं उचललेला, बाराशे किलोचा म्हणतात, ज्याला मिठी मारायला गेलास म्हणून रखवालदारानं तुला हाकललं होतं. गामा साडेपाच फुटांच्या जरासा वर, वजन शंभराच्या आगेमागे. आरामात तिशीपार. म्हणजे गामा पैलवानालाही माझ्या लेकीनं दाखल करून घेतलं असतं, आणि खुर्चीवरून दहादा उठ-बस करायला लावली असती.

आणि बारीक झाला की काय? नाव काढून टाकायचं? पास झाल्यावर शाळेतून काढतात तसं? मग कोण मन लावून व्यायाम करील! यावर तिच्याकडे अजून धड उत्तर नाही. "तेव्हा बघू," म्हणाली. तेव्हा बघू म्हणजे तिलाही आमच्यावर फार भरवसा दिसत नाही.

मेव्हण्याचं वेगळंच. त्यानं ते आठवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन धरलंय, मार्चमध्ये आपल्याकडे आलेलं. अकरा किलो उतरला आणि चेहरा वाळक्या आंब्यासारखा झाला. कसली जिम नि काय, म्हणतो. मुक्ता म्हणते, चरबीबरोबर स्नायूही जातात, तेव्हा वजनं उचललीच पाहिजेत. तो ऐकत नाही. दिवाळीत भेटलास तर बोल त्याच्याशी.

माझा खरा विरोध यातला कशालाच नव्हता, अव्या. परवापर्यंत नवरात्र होतं. रोज रात्री मैदानावर बसायचो, सुनीता आणि समोरच्या फ्लॅटमधल्या दोन बेन, तिघी मिळून अडीचशे किलो, तीन-तीन तास गरबा. हजारो माणसं, गोलात गोल. कुणी म्हणत नाही, काकी जबरजस्त. कुणी पाहतच नाही, कारण प्रत्येकाला पुढच्याचं पाऊल चुकवायचं नसतं. मी रोज ते बघायचो आणि म्हणायचो, आहे ना, सगळ्यांची मिळून एक जागा आहे ना! मग वेगळी खोली कशाला?

आणि मी स्वतः काय करत होतो? खुर्चीवर बसून माझ्याहून जाड कोण आहे ते शोधत होतो. हे मी सगळीकडे करतो. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की आधी नजर फिरते, सापडला की मी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. फोटोत त्याच्या बाजूला उभा राहतो. बारीक माणसं आपल्याला एकदा बघतात आणि विसरतात, जाडा माणूस जाड्याला मापून ठेवतो. तेव्हा मुक्ताला मी म्हटलं की तुझ्या जिममध्ये सगळे जाडे असले तरी कुणीतरी सगळ्यात जाडा असेलच. ती हसली.

तर २१ तारखेला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, तिनं खाली सहा जणांना बोलावून एक सकाळ करून पाहिली. शाईचा वास अजून गेलेला नाही तिथला. गोत्रीहून एक बाई आल्या होत्या, नर्स, साठीच्या, त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठून दाखवलं आणि मी नकळत मोजत होतो, सात, आठ, आणि आठला त्या थांबल्या तेव्हा माझाच श्वास अडकला. टाळ्या कुणीही वाजवल्या नाहीत. दोन मिनिटांनी त्यांनी राहिलेल्या दोन काढल्या आणि पाणी प्यायल्या. मला वाटलं, मी हरलो, देऊन टाकावी जागा.

मग ती दोन पोरं. पंधरा-सोळाची, शेजारच्या पोळातली, म्हणजे गल्लीतली, जिवलग. काटा पडद्याआड होता, आकडा फक्त मुक्ताला दिसायचा, पण ती बाईंच्या गुडघ्यात गुंतलेली. एक जण काट्यावर चढला. दुसऱ्यानं मागून, अगदी हळूच, चपलेचं टोक काट्यावर ठेवलं आणि दाबलं. आकडा मोठ्यानं वाचला. दोघंही हसले. पहिला जरा जास्तच हसला, आणि मग टी-शर्ट खाली ओढला. टी-शर्ट खाली ओढतो ना आपण, तसा.

मी वर निघून आलो. सुनीताला वाटलं चक्कर आली.

अव्या, त्या दिवशी आखाड्यात, वखारीतून आणलेल्या काट्यावर तू चढलास, सर वहीत लिहीत होते, आणि मी तुझ्या मागे रांगेत होतो. काटा चौऱ्याऐंशीवर गेला. पुढची दोन वर्षं तुझं नाव चौऱ्याऐंशी होतं. तू आखाडा सोडलास आणि मला म्हणालास की मल्लखांबाचा कंटाळा आला. मी ते खरं मानल्यासारखं केलं. काट्यावर तू एकटा नव्हतास. माझ्या उजव्या पायाचा अंगठा होता. मी अठ्ठ्याहत्तर भरणार हे मला घरी कळलं होतं, आणि तू माझ्यापेक्षा कमी भरलास तर सगळ्यात जाडा मी ठरणार होतो. तुझं खरं वजन किती होतं ते मला आजही माहीत नाही. त्रेचाळीस वर्षं मी ते विचारलेलं नाही. पावागडच्या वाटेवर सायकलचं कॅरिअर तुझ्यामुळे मोडलं हे मात्र कायम, त्यावर चर्चा नाही.

मुक्ताला जागा दिली. काल करार केला, भाडं बाजारभावाच्या निम्मं. तिला फक्त एक अट घातली, काटा तिच्याच खोलीत, कुलुपात, आणि एका वेळी एकच माणूस आत. ती म्हणाली, "एवढ्या तेवढ्यासाठी?" काही बोललो नाही.

तुझ्या चिरंजीवांचं जमलं असं कळलं, अभिनंदन, मुलगी नागपूरचीच का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? गच्ची गळायची थांबली का? सगळं लिही.

उद्या कोजागिरी. सुनीता दूध आटवायला बसली आहे आणि मला एक पेला मिळणार आहे, लहान. दिवाळीनंतर ये चार दिवस. खाली सकाळी सातला माझी वेळ आहे, बाईही त्याच वेळी येतात. आलास तर काट्यावर चढू, दोघं, आळीपाळीनं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहीन.

तुझा,
मन्या
(त्या चौऱ्याऐंशीतले निदान सहा किलो माझे)