कर्जतचा फलाट, १:८७

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या छोट्या रेल्वेच्या देखाव्याचे रूळ बसले, गाडी न घसरता फिरते आहे, म्हणजे विजेचं आणि जोडणीचं किचकट काम संपलं. आता तू विचारतोस की इतकं सगळं मांडूनही ते खेळण्यांच्या दुकानासारखं का दिसतं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या प्लायवर आज देऊळ आहे, बाजार आहे, पेट्रोल पंप, बोगदा, धबधबा आणि लग्नाची वरातही आहे. एकेक वस्तू सुबक आहे. पण तिथे किती वाजलेत ते मला कळत नाही. पाऊस पडून गेलाय की ऊन तापलंय, गाडी आत्ताच आली की निघायच्या बेतात आहे, काहीच कळत नाही. देखावा करायला बसलं की आधी हेच ठरवायचं असतं: जागा एक, वेळ एक. मग बाकीचं आपसूक ठरत जातं, आणि अर्ध्याअधिक वस्तू आपण होऊन काढून ठेवाव्याशा वाटतात.

तुला कर्जत करायचंय ना? मग १९८५ च्या आसपासचं कर्जत घे. ऑगस्ट महिना, दुपारचे चार, सर नुकतीच ओसरलेली. पुण्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागली आहे आणि मागे बँकर, म्हणजे घाट चढताना मागून रेटणारी जादा इंजिनं, जोडताहेत. एवढं ठरलं की डब्यांचा रंग ठरला, विटकरी लाल. वर विजेच्या तारा हव्यातच, कारण कर्जतपासून लोणावळ्याकडे चढणाऱ्या बोर घाटात विजेची इंजिनं १९३० च्या आधीपासून आहेत. फलाट ओला, छपराच्या कडेखालची जमीन जास्त काळी. लोकांच्या हातात छत्र्या, पण मिटलेल्या. आणि माणसं कुठे उभी राहणार हेही ठरलं: काही वडेवाल्याभोवती, काही दारात दांडी धरून, आणि शेवटच्या डब्यापाशी झेंडीवाला आणि जोडणी करणारी दोन माणसं. पेट्रोल पंपाचं मग तिथे काय काम? वरातही उचल. तिच्यासाठी पुढे वेगळा पाट कर.

माणसांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. धावणारा, हात उंचावलेला, सायकल मारणारा माणूस घेऊ नकोस. गाडी खरोखर हलते, त्यामुळे तिच्याशेजारी पाय उचलून थिजलेला माणूस लगेच डोळ्यांत खुपतो. उभं राहिलेलं, टेकलेलं, ट्रंकेवर बसलेलं, वाट पाहणारं माणूस घे. ते मिनिटभर तसंच राहिलं तरी खरं वाटतं. आयती मिळणारी माणसं बहुतेक जर्मन असतात, ओव्हरकोट आणि हॅट घातलेली. हॅट ब्लेडने तासायची, कोट खालून कापायचा. साडीसाठी टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा सोडवून घे, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजव आणि चिमट्याने अंगाभोवती फिरव. वाळला की रंग दे. पावणेदोन मीटरचा माणूस आपल्या मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, दोन सेंटीमीटरचा होतो, त्याला डोळे-नाक काढू नयेत. हनुवटीखाली आणि पदराच्या घडीत गडद रंगाची एक रेघ पुरते.

आता वडे. तू ताटलीत मोहरी ठेवली आहेस. सत्त्याऐंशीने गुणून बघ: दीड-दोन मिलिमीटरचा दाणा म्हणजे नारळाएवढा वडा झाला. खसखस घे. तीही किंचित मोठीच पडते, पण नजर मान्य करते. रंग पिवळा नको, तळलेला तांबूस दे, आणि दोन-चार दाणे ताटलीच्या कडेला सुटे ठेव. रुळांखालच्या खडीचंही तेच. खरी खडी पाच-साडेपाच सेंटीमीटरची असते, म्हणजे इथे जाड रव्याच्या दाण्याएवढी हवी. रवा मात्र वापरू नकोस, पावसाळ्यात किडे होतात. बारीक वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घे. ती कोरडीच मऊ ब्रशने रुळांत बसव, वरून पाण्याचा हलका फवारा मार, आणि मग निम्मं फेव्हिकॉल निम्मं पाणी ड्रॉपरने सोड. त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर गोंद खडीवर मोत्यासारखा साचून राहतो आणि दाणे सोबत घेऊन घरंगळतो.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आपले मावळे बुरुजापेक्षा उंच असायचे, आणि अळीव उगवले की त्यात ते बुडून जायचे. तिथे ते शोभायचं, कारण किल्ला मनातल्या मापाने बांधलेला असतो. इथे शेजारून मापातली गाडी जाते, आणि तिच्याशी सगळ्यांचं माप लागतं. म्हणून तुझी झाडंही बदलावी लागतील. डबा रुळापासून साधारण पावणेपाच सेंटीमीटर उंच होतो. बारा मीटरचं आंब्याचं झाड जवळजवळ चौदा सेंटीमीटर हवं, म्हणजे डब्याच्या तिप्पट. तुझं तर खिडकीपर्यंतही पोचत नाही. पाच ठेंगण्या झाडांपेक्षा एक खरं उंच झाड कर, त्याच्या सावलीत फलाटाचं टोक येऊ दे.

रुळांची रुंदी आपल्या ब्रॉडगेजला कमी पडते ही तुझी तक्रार बरोबर आहे. १६७६ मिलिमीटरचे सव्वाएकोणीस व्हायला हवेत आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. घरी रूळ बनवणारे लोक आहेत, पण तू त्यात आत्ता पडू नकोस. बघणाऱ्याची नजर फलाटाच्या कडेवर आणि डब्यावर असते. फलाट डब्याला अगदी लागून ठेव, तीन मिलिमीटर कुणाला दिसत नाहीत.

घाटाचं मात्र मला खरं बोलायचंय. तू चढ दाखवायला रूळ वर उचलत चालला आहेस. बोर घाटाची सगळ्यात कडक चढण ३७ फुटांना एक फूट. ती ओलांडायला तीन-तीन इंजिनं मागून रेटतात. तुझ्या सहा फुटी प्लायवर तीच चढण पाच सेंटीमीटरच होते, आणि एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी सातेक सेंटीमीटर तरी लागतात. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आपल्या मापात तीनशे मीटरहून जास्त! घाट चढाने दिसणार नाही, तो दरीने दिसेल. रूळ सपाट राहू दे आणि शेजारचं प्लाय काप. जमीन रुळाखाली वीतभर उतरली की पोटात गोळा येतो.

उंची हवीच असेल तर जुन्या लोकांनी काय केलं ते बघ. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा डोंगराच्या सोंडेवर वळायला जागाच नव्हती. मग गाडी एका टोकाशी नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणायचे त्याला. विजेची इंजिनं आली त्या सुमारास नवा मार्ग काढला आणि ते बंद झालं. अपुऱ्या जागेवर इतकं सुंदर उत्तर मला दुसरं माहीत नाही. पण त्याला वाफेचं इंजिन हवं आणि तारा नकोत, म्हणजे कर्जतच्या पाटावर ते येणार नाही.

कड्यासाठी थर्मोकोल आडवा रच, उभा नको. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, त्याच्या कड्यांना आडव्या पायऱ्या असतात. पाट्या मागेपुढे सरकवून चिकटव, कडा हाताने मोड, वर प्लास्टरचा पातळ हात दे. स्प्रेचा डबा उघड्या थर्मोकोलवर मारू नकोस, तो विरघळतो. रंग आधी काळपट तपकिरी, मग पाणीदार काळा भेगांत ओघळू दे, शेवटी कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर राखाडी. हिरवा रंग पायऱ्यांवर लाव, उभ्या दगडावर नाही. धबधबा हवा असेल तर पारदर्शक सिलिकॉन काचेवर पसरून जुन्या कंगव्याने ओढ, वाळल्यावर सोलून काढ आणि वरून पांढऱ्याचा जेमतेम स्पर्श. एकच कर, आणि तो बोगद्यापासून लांब.

बाबा पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येताहेत. त्यांच्याबरोबर चाळलेली वाळू, खसखशीची पुडी आणि माझा बारीक चिमटा पाठवते. चिमटा परत हवा आहे. फलाट आणि माणसं आधी कर, दिवे सगळ्यात शेवटी. दरडीचा कोपरा माझ्यासाठी ठेव, गणपती झाले की मी येते.

तुझी,
आई