विनिपेग सरोवरासाठी पाणी मोजणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कॅनडातील विनिपेग सरोवराला मिळणाऱ्या रेड नदीच्या खोऱ्यात, आपल्या गावाजवळच्या पुलावरून आपण गेली काही वर्षे नेमाने पाण्याचे नमुने घेत आहात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गावातील लहानथोर आपल्याला पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते अजूनही जमलेले नाही, म्हणून काका म्हणतो. उन्हाळ्यात मुलाबाळांना घेऊन सरोवराकाठच्या गिमलीच्या किंवा ग्रँड बीचच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या इथल्या मराठी कुटुंबांनीही हे वाचावे, अशी इच्छा असल्याने पत्र मराठीत आहे. आपल्याला त्यातील मजकूर मी समक्ष सांगेनच.

विनिपेग सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम १२ मीटर. त्याचे पाणलोट क्षेत्र सरोवराच्या जवळजवळ चाळीस पट असून ते कॅनडाच्या चार प्रांतांत आणि अमेरिकेच्या चार राज्यांत पसरलेले आहे. एवढ्या मुलखातील खतांतला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस हा पोषक घटक त्या उथळ पाण्यात येऊन साठतो आणि उन्हाळा सरता सरता नील-हरित शेवाळाचा दाट थर किनाऱ्याला लागतो. कोल्हापुरात रंकाळ्याचे हिरवे पाणी पाहत वाढलेल्या मला त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्यावरून चालणाऱ्या वादाचे. शहरातील आम्ही लोक शेतातील खतांकडे बोट दाखवतो, शेतकरी शहराच्या सांडपाण्याकडे दाखवतात आणि दोघे मिळून सीमेपलीकडच्या अमेरिकेकडे पाहतात. तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, त्यामुळेच वाद मिटत नाही.

शेवाळ कशावर पोसते, हे तर विज्ञानाने केव्हाच दाखवून दिले आहे. ऑन्टॅरियोच्या वायव्य भागातील प्रायोगिक सरोवर क्षेत्रात १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तळ्याचे पडदा लावून दोन भाग करण्यात आले होते. एका भागात कार्बन व नायट्रोजन, तर दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही घातला गेला, आणि तो दुसरा भागच हिरवागार झाला. प्रश्न उरला होता तो एवढाच, की हा फॉस्फरस नेमक्या कोणत्या ओढ्यातून, कोणत्या दिवसांत आणि किती येतो.

या प्रश्नाचे उत्तर घरात बसून मिळणारे नाही, हे मला आपल्यामुळे कळले. इथे वर्षभरातील बहुतांश फॉस्फरस वसंतातील बर्फ वितळण्याच्या मोजक्या दिवसांत वाहून जातो. जमीन तेव्हा खाली गोठलेलीच असल्याने पाणी मुरत नाही. ते शेतातील धसकटांवरून आणि मातीच्या वरच्या थरावरून सरळ चरांत, चरांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून नदीत जाते. ठरलेल्या तारखेला महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाची ही वेळ सहज चुकू शकते. पाणी आज चढले की उद्या चढेल, हे खिडकीतून ओढा दिसणाऱ्यालाच समजते, आणि म्हणूनच २०१६ मध्ये लेक विनिपेग फाउंडेशनने सुरू केलेल्या, लोकसहभागातून पाण्याचे नमुने घेणाऱ्या जाळ्यात आपल्यासारख्या स्थानिक माणसांना इतके महत्त्व आहे. नदीचा विसर्ग, म्हणजे ठरावीक वेळात किती पाणी वाहते ते, जिथे मोजला जातो, तिथलाच नमुना आपण घेता. लिटरमागे किती फॉस्फरस आहे हे प्रयोगशाळेत ठरते, त्याला विसर्गाची जोड मिळाली की प्रत्यक्ष किती किलो फॉस्फरस वाहून गेला हे काढता येते, आणि ते पाणलोटाच्या क्षेत्रफळाने भागले की कोणता भाग हेक्टरी किती देतो हे उघड होते. असे आकडे हाती आले, की ‘शेतकरी’ किंवा ‘शहर’ अशा सरसकट शब्दांत बोलण्याची गरज उरत नाही.

आपण स्वतः आयुष्यभर शेती केली आहे. आपल्याच खोऱ्याचा आकडा जास्त निघू शकतो, हे ठाऊक असूनही आपण बाटली नदीच्या पाण्याने विसळून, भरून, तिच्यावर तारीख आणि वेळ लिहून शांतपणे पुढे पाठवत राहिलात, याचे मोल मला नमुन्यांच्या संख्येहून मोठे वाटते. गावच्या बैठकीत एकाने चिडून विचारले, की हे आकडे आपल्याच विरुद्ध वापरले गेले तर काय? त्यावर आपण एवढेच म्हणालात, की पाणी कुठे अडवायचे आणि कोणती पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायची, हे ठरवायला दुसरे काय आहे आपल्याकडे? त्यानंतर चर्चा चरांच्या नकाशावर आली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मला आणि माझ्या मुलीला आपण पुलावर सोबत नेलेत, बोचऱ्या वाऱ्यात हातमोजे काढून बाटलीचे झाकण कसे लावायचे ते दाखवलेत आणि आमच्या असंख्य प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिलीत, त्याबद्दलही मनापासून आभार. येत्या वसंतात आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया असल्याने बर्फ वितळण्याच्या दिवसांतील नमुने आमची दोन कुटुंबे आळीपाळीने घेतील, हे आपल्याशी बोलून ठरलेच आहे. पाणी चढू लागले की आपण घरून फक्त फोन करावा. गाडीने निघून तासाभरात आम्ही पुलावर पोहोचू.

आपला नम्र,
विनिपेगमधील एक मराठी रहिवासी