छकुलीच्या शाळेविषयी

पुणे,
दि. १८ जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र सोमवारी मिळाले. जूनपासून छकुलीला ज्युनिअर के.जी.ऐवजी थेट सीनिअर के.जी.त घालायचे तू जवळजवळ ठरवले आहेस आणि एका शाळेने तशी तयारीही दाखवली आहे, हे वाचून त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण या बाबतीत माझ्याच घरात इतके काही घडून गेले आहे, की चार दिवस थांबून शांतपणे लिहिणे मला योग्य वाटले. माझे मत आधीच सांगतो. तिला वरच्या वर्गात घालू नकोस.

तिची बुद्धी असामान्य आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. दिवाळीनंतर तुम्ही नाशिकला परत निघालात, तेव्हा एस.टी.वरची पाटी तिने स्वतः वाचली, ‘विनावाहक’ या शब्दापाशी थांबली, त्याचा अर्थ विचारला आणि मी तो सांगताच म्हणाली, ‘‘मग तिकीट कोण देतं?’’ पावणेचार वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न ऐकून मी थक्क झालो. त्यानंतर पाचच मिनिटांनी सँडलचा पट्टा बकलातून ओवता येईना, म्हणून तीच मुलगी फलाटावर फतकल मारून हमसून हमसून रडली आणि वहिनी मदत करू लागल्या तर आणखीच चिडली. डोके सहा-सात वर्षांचे, हात चार वर्षांचे आणि हार सोसण्याची ताकद कदाचित त्याहूनही लहान, अशी ही असमान वाढ अशा मुलांमध्ये पुष्कळदा दिसते. शाळा निवडताना आपण फक्त त्या पाटीकडे पाहतो आणि सँडल विसरतो.

मी तेच केले होते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना मनातल्या मनात दोन आकडी बेरजा करायचा. चौथ्या वर्षी आम्ही त्याला एका शाळेत एक इयत्ता वर चढवले. शाळेनेही ते कौतुकाने केले. बेरजा त्याला तिथेही सोप्याच पडल्या, पण दुरेघी वहीत ‘अ’ ओळीबाहेर जायचा आणि त्याभोवती रोज लाल गोल व्हायचा. दिवाळीपर्यंत तो सदऱ्याची कॉलर चावू लागला होता. जानेवारीत एका संध्याकाळी मी वही उघडली, तर त्याने पेन्सिल न उचलताच सांगितले, ‘‘मला काहीच येत नाही.’’ ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. शेवटी त्याला तिथून काढून आम्ही जवळच्या एका साध्या मराठी बालवाडीत घातले, तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला वेड्यात काढले होते. तिथल्या ताईंना त्याने पहिल्याच आठवड्यात सर्वांत मोठा आकडा कोणता, असे विचारले. त्यांनी त्याच्या हातात खडू दिला आणि ‘‘एकावर शून्य देत जा, कुठं संपतोय बघू,’’ असे म्हणून त्याला फरशीवर बसवले. शून्ये दारापर्यंत गेली, दाराबाहेर व्हरांड्यात गेली आणि खडू संपला तेव्हा तोच आनंदाने ओरडला, की हे संपतच नाही! ज्या हाताला वहीतली ओळ जमत नव्हती, त्याने न कंटाळता तासभर शून्ये काढली होती.

आता तुझ्या योजनेतली एक व्यवहाराची अडचण. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. छकुली पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. यंदा सीनिअर के.जी. केली, तर पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर ती पाच वर्षे दहा महिन्यांची असेल, म्हणजे दोन महिने कमीच. मग सगळ्या मैत्रिणी पहिलीत जात असताना तिला तोच वर्ग पुन्हा करावा लागेल. केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल, तर तिथे वय ३१ मार्चला मोजतात, त्यामुळे तीही वाट बंदच. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा सलग एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्यात एक वर्ष वाचवून नेमके काय हाती लागणार आहे?

मी तुझ्या जागी असतो, तर नाशिकमध्ये खरीखुरी मॉन्टेसरी शाळा शोधली असती. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि १९३९ पासून त्या बरीच वर्षे भारतात राहिल्या, हे तू जाणतोसच. त्यांच्या पद्धतीत तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात असतात, त्यामुळे पुढे असलेल्या मुलाला वर्ग बदलावाच लागत नाही. सोनेरी मण्यांचे साधन तू एकदा हातात घेऊन बघ. एक सुटा मणी, दहा मण्यांची कांडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. चार वर्षांचे मूल तो जड घन दोन्ही हातांनी उचलून आणते आणि हजार म्हणजे किती, हे त्याच्या मनगटांना कळते. दुसरे साधन सुट्या अक्षरांच्या पेटीचे. मनात शब्द तयार असतात पण हात लिहायला तयार नसतो, अशा मुलाने अक्षरे मांडून शब्द जुळवावेत, यासाठी ती पेटी आहे. आमच्या घरी ती वेळेवर आली असती, तर लाल गोल आलेच नसते. त्याच वर्गात बटणांच्या आणि बकलांच्या चौकटीही असतात. छकुलीला तिथे आपला पट्टा हवा तितका वेळ ओवता येईल आणि मागून कोणी घाई करणार नाही.

फक्त पाटीवर जाऊ नकोस, कारण मॉन्टेसरी हे नाव कोणीही लावू शकते. वर्गात निदान तासभर बसून ये. सगळी मुले एकाच वेळी एकच पान रंगवत असतील, तर उठून ये. ताईंना एकच प्रश्न विचार, की वाचता येणाऱ्या मुलीला तुम्ही काय द्याल? आणखी वर्कशीट देऊ, असे उत्तर आले तर ती शाळा तिच्या कामाची नाही. इतर मुलांना शिकवायला लावू, हे उत्तरही मला रुचत नाही. तिला स्वतःला काहीतरी नवे मिळायला हवे.

तशी मॉन्टेसरी जवळ नसेल, तर मराठी बालवाडी चांगली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, पाने, शिंपले, बिया यांच्यातून जे बालशिक्षण उभे केले, त्यात हुशार मुलाची उपासमार होण्याचे काहीच कारण नव्हते. तिचे सगळे प्रश्न आज मराठीत येतात. इंग्रजी शब्द जमेपर्यंत ती वर्गात गप्प राहिली, तर ते महिने मला फार महाग वाटतात.

बुद्ध्यंक काढावा का, असे तू विचारले आहेस. कामतांनी आपल्याकडच्या मुलांसाठी बेतलेली बिने चाचणी आहे, पण या वयातला आकडा स्थिर नसतो. झोप नीट झालेली नसली तरी तो खाली येतो. हुशार मुलांसाठीच काढलेली पुण्याची ज्ञान प्रबोधिनी प्रशालासुद्धा चाचणी घेऊन प्रवेश देते तो पाचवीला. आत्ता घाई नको. आणि ‘इंटरॅक्शन’च्या नावाखाली जी शाळा तिची परीक्षा घेते, तिच्याबद्दल मला अगोदरच अविश्वास वाटतो, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ सहा वर्षांपुढच्या मुलांच्या प्रवेशासाठीसुद्धा मुलाची किंवा पालकांची छाननी करण्यास मनाई करते.

तू पाहिलेल्या शाळांची नावे कळव. पुढच्या शनिवारी मी सकाळच्या विनावाहक गाडीनेच येतो आहे. सोमवारची रजा टाकली आहे, म्हणजे त्या दिवशी दोघे मिळून वर्गात बसू. तिकीट गाडी सुटण्यापूर्वी स्थानकावरच देतात, हे छकुलीला सांगू नकोस. माझे तिकीट मी जपून आणतो, ते तिलाच वाचू दे.

वहिनींना नमस्कार, छकुलीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकमित्र