चूक सांगायला आलेल्या मुलाविषयी

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की ज्या मुलाच्या हातून एवढा माल बाद झाला त्याला मी अजून कामावर का ठेवले आहे. आणि आईने मागून विचारले की अशाने शिस्त कशी राहील. शिफ्ट सुरू होत असल्याने तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

झाले ते असे. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे कापणारे टूल झिजले की त्याची भरपाई म्हणून ऑपरेटर ऑफसेटमध्ये, म्हणजे माप दुरुस्त करण्याच्या नोंदीत, आकडा भरतो. त्या मुलाने 0.02 ऐवजी 0.2 भरले, आणि शिफ्ट बदलण्याच्या गडबडीत पहिला नग तपासणारा माणूस जागेवर नसल्यामुळे मशीन चुकीच्या मापाचे नग काढत राहिले. मात्र माल गाडीत चढण्यापूर्वी तो स्वतःहून माझ्याकडे येऊन हे सांगून गेला. मी त्याला चारचौघांत झापले असते, तर पुढच्या वेळी त्याने, किंवा ते पाहणाऱ्या दुसऱ्या कोणी, असले नग गुपचूप चांगल्या क्रेटमध्ये मिसळले असते आणि आम्हाला ते ग्राहकाच्या तक्रारीतून कळले असते. रागावू नका, पण आपल्या लातूरच्या अडतीवर वजनातली तूट हमालांच्या हिशेबातून कापली जायची आणि भिजलेले सोयाबीनचे कट्टे नेमके थप्पीच्या तळाशी सापडायचे.

आमच्या अहवालांत 'कारण' या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' आणि 'उपाय' या रकान्यात 'समज दिली' असे लिहिण्याची जुनी रीत आहे. वरिष्ठांचे त्याने समाधान होते. मशीन होते तसेच राहते. या वेळी मी ते लिहू दिले नाही. आकडा भरताना त्या मुलासमोर नेमके काय होते हे विचारत गेल्यावर कळले की तपासणाऱ्या एकाच माणसावर आम्ही झेपणार नाहीत इतकी मशीन सोपवली आहेत, आणि एका वेळी ऑफसेटमध्ये किती बदल स्वीकारायचा याची मर्यादा मशीनलाच घालून देता येते, ती आम्ही कधी घातलेलीच नव्हती. आता घातली आहे.

आई, शिस्तीचे म्हणशील तर अमेरिकेत वैमानिकांसाठी 1976 पासून एक व्यवस्था आहे. हातून नकळत नियमभंग झाला आणि तो 10 दिवसांत कळवला, तर सहसा दंड होत नाही की परवाना निलंबित होत नाही. हे अहवाल दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासाकडे जातात आणि तिथे त्यांतील नावे काढून टाकली जातात. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किंवा गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. मीही तीच रेघ पाळते: मशीनच्या दाराचे सुरक्षा स्विच मुद्दाम निकामी करून काम उरकणाऱ्या एकाला मी मागेच निलंबित केले, आणि त्याचे मला जराही वाईट वाटले नाही.

अलीकडे आमच्या विभागात चुकांच्या नोंदी वाढल्या आहेत आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागतो. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंतच चुकांची नोंद अधिक आढळली. तिथे लोक चुकांविषयी मोकळेपणाने बोलत असावेत, असा अर्थ त्यांनी लावला. हे मी बैठकीत सांगितले. सगळ्यांना पटले असे मी म्हणणार नाही.

एक गाठ अजून सुटलेली नाही. कंत्राटी कामगार काहीच सांगत नाहीत, कारण त्यांना कामावर ठेवायचे की नाही हे ठेकेदार ठरवतो आणि माझ्या शब्दाला तिथे वजन नाही. बाबा, मुकादमाला न दुखावता टोळीतल्या माणसाकडून खरे काढून घेणे तुम्हाला पुढेपुढे चांगले जमत होते. ते कसे, हे सविस्तर कळवावे.

तुमची लेक