महाविद्यालयांची वीजबिले एका टेबलावर आणा: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: महाविद्यालयांचे कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी जिल्हावार ऊर्जा गट स्थापन करण्याबाबत

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अनुदानित महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. राज्यातल्या चार हजारांहून अधिक महाविद्यालयांचे कार्बन उत्सर्जन खरोखर कमी करायचे असेल, तर प्रत्येकाने आपापल्या आवारात सुटे उपक्रम राबवून ते होणार नाही. एका जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मोजणी, खरेदी आणि तांत्रिक मनुष्यबळ या तीन गोष्टी एकत्र केल्या तरच ते होईल, आणि त्यासाठी आपल्या विभागाचा एक शासन निर्णय लागेल, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाविद्यालयाला धुराडे नसते, म्हणून त्याचे उत्सर्जन डोळ्यांना दिसत नाही. देशाच्या वीजजाळ्यातून आलेल्या एका युनिटमागे आज सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण ही वीज अजून प्रामुख्याने कोळशावर तयार होते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र एकटेच २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस आणि एकलहरे यांची भर त्यात पडते. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या रिकाम्या वर्गात दुपारभर फिरत राहिलेल्या पंख्याचा धूर चंद्रपूरच्या मुलांच्या वाट्याला येतो, आणि तीच मुले एप्रिल-मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांच्या उन्हात विद्यापीठाची परीक्षा देतात. हा अन्याय मला अस्वस्थ करतो. शिक्षणसंस्थांनी तरी त्याकडे पाठ फिरवू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रयत्न होत नाहीत असे नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या सातव्या निकषात पर्यायी ऊर्जा, हरित लेखापरीक्षण आणि ऊर्जा लेखापरीक्षण यांचा समावेश आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘सतत’ या नावाने पर्यावरणस्नेही परिसराचा आराखडा दिलेला आहे, आणि राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. अडचण अशी आहे की या सर्वांतून महाविद्यालयाच्या हाती बहुधा एक प्रमाणपत्र येते. मूल्यांकनाचे वर्ष जवळ आले की बाहेरची संस्था बोलावली जाते, झाडांची यादी होते, दिव्यांची मोजदाद होते, अहवाल बांधून गुणवत्ता कक्षाच्या कपाटात ठेवला जातो आणि पुढच्या मूल्यांकनापर्यंत त्यातील शिफारशींचे काय झाले हे कोणी विचारत नाही. ५ जूनला लावलेल्या रोपांबद्दल मला आदरच आहे. परंतु वृक्षारोपण म्हणजे उत्सर्जन कपात नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे आपण वीजबिलाकडे पाहण्याचे टाळत आलो आहोत.

वीजबिलाकडे पाहिले तर काय दिसते, याचा एक साधा हिशेब मांडतो. मध्यम आकाराच्या महाविद्यालयात चारशे पंखे आहेत असे धरू. जुना पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, तर नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला सहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले, तर चारशे पंख्यांमागे वर्षाला २१,६०० युनिट वाचतात, म्हणजे सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड. युनिटचा दर दहा रुपये धरला तर बचत दोन लाख सोळा हजार रुपयांची होते. आता छपराकडे वळू. एक किलोवॉट सौर संचाला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात तो वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. पन्नास किलोवॉटचा संच बसवला तर ७०,००० युनिट, म्हणजे जवळजवळ ४९ टन उत्सर्जन टळते. ग्रामीण भागातील अनेक कला-वाणिज्य महाविद्यालयांचा वर्षभराचा वापर एवढ्यात भागून जाईल. वर्ग दिवसा भरतात, ऊनही दिवसाच असते; सौर ऊर्जेला महाविद्यालयासारखा ग्राहक सहसा मिळत नाही.

मग हे झाले का नाही? एकेकट्या महाविद्यालयाच्या आवाक्यात ते नसते, हे त्याचे खरे कारण आहे. चारशे पंख्यांना दहा-बारा लाख रुपये लागतात आणि ते पाच-सहा वर्षांत वसूल होतात. पण वेतनेतर अनुदानाची स्थिती आपणास ठाऊक आहे, आणि ज्या संस्थेला प्रयोगशाळेतील रसायनांचे बिल भागवताना ओढाताण करावी लागते, ती पाच वर्षांनी फळणाऱ्या खर्चाला हात घालत नाही. गुंतवणूक विकासकाने करायची आणि महाविद्यालयाने फक्त युनिटप्रमाणे पैसे द्यायचे, अशी ‘रेस्को’ पद्धत उपलब्ध आहे. परंतु पंचवीस-तीस किलोवॉटच्या एका छपरासाठी विकासक तालुक्याच्या गावी येत नाही. आला तर चढा दर मागतो, कारण पुढची पंधरा-वीस वर्षे पैसे वेळेवर मिळतील याची त्याला खात्री नसते. दुसरीकडे, व्यवस्थापनाला एवढ्या दीर्घ मुदतीच्या करारावर सही करण्याची धास्ती वाटते. करार वाचणारा वकील नाही, स्लॅबची मजबुती तपासणारा अभियंता नाही, नेट मीटरिंगसाठी, म्हणजे छपरावरची जादा वीज जाळ्यात देऊन ती बिलातून वळती करून घेण्यासाठी, महावितरणच्या कार्यालयात खेटे घालणारा माणूस नाही. प्राचार्य, एक उत्साही प्राध्यापक आणि एक लिपिक एवढ्यांवर ही सारी धुरा असते. त्या प्राध्यापकाची बदली किंवा सेवानिवृत्ती झाली की काम थांबते.

एका जिल्ह्यातील अशी चाळीस महाविद्यालये एकत्र आली तर चित्र पालटते. पंचवीस किलोवॉटची चाळीस छपरे म्हणजे एक मेगावॉट. त्यासाठी निविदा भरायला विकासक पुढे येतात, दर उतरतो, आणि करार एकदाच नीट तपासून सर्वांना वापरता येतो. सोळा हजार पंख्यांची मागणी थेट उत्पादकाकडे नोंदवता येते. ब्रिटनमधील वीस विद्यापीठांनी २०१९ साली अगदी हेच केले: त्यांनी आपली मागणी एकत्र करून स्टॅटक्राफ्ट या कंपनीशी पवनऊर्जा खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार केला. त्यांतील लहान विद्यापीठांना असा करार स्वबळावर करणे फार कठीण गेले असते.

पण त्यासाठी ब्रिटनपर्यंत जाण्याची गरज नाही. शिवाजी विद्यापीठात अग्रणी महाविद्यालय योजना आहे. तीत एका महाविद्यालयाकडे नेतृत्व देऊन परिसरातील महाविद्यालये कार्यशाळा आणि उपक्रम मिळून घेतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेमुळे आडगावच्या महाविद्यालयालाही अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके वाचायला मिळतात, कारण खरेदी सर्वांच्या वतीने एकाच ठिकाणी होते. जे नियतकालिकांच्या बाबतीत मान्य झाले, ते विजेच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही. शिवाय राज्यातील कितीतरी महाविद्यालये सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात आणि त्यांच्याच पाठबळावर उभी राहिली आहेत. एकत्र येऊन भांडवल उभारणे या मातीला शिकवावे लागत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की प्रत्येक जिल्ह्यात एक ऊर्जा गट असावा, त्याचे नेतृत्व तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे किंवा तंत्रनिकेतनाकडे द्यावे आणि प्रत्येक गटासाठी केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण झालेला एक पूर्णवेळ ऊर्जा व्यवस्थापक नेमावा. चाळीस महाविद्यालयांत वाटला गेला तर त्या एका पगाराचा भार फार नाही. तंत्रनिकेतनांकडे वीजप्रवाह मोजणारे क्लॅम्प मीटर, उजेड मोजणारे लक्स मीटर आणि मापनाची इतर साधने आधीच आहेत. ती वर्षातले काही दिवस शेजारच्या कला महाविद्यालयात नेली तर कोणाचे नुकसान होत नाही. महाऊर्जा ही पुण्याची शासकीय संस्था चार दशके या क्षेत्रात आहे. तिचे मार्गदर्शन या गटांना मिळावे.

मोजणीचे काम विद्यार्थ्यांनी करावे असे मला वाटते, आणि याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण अभ्यास हा विषय सक्तीचा झाला. त्याचा प्रकल्प आज बहुतेक ठिकाणी एकमेकांकडून उतरवून दिला जातो, कारण विषय ठरलेले असतात आणि उत्तरेही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्टला आता श्रेयांक मिळतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. एका वर्षी आपल्याच इमारतीतील प्रत्येक खोलीचा वीजवापर मोजणे, पुढच्या वर्षी तो पुन्हा मोजून फरक का पडला ते शोधणे, हा जिवंत प्रकल्प आहे. आणि ज्यांना पैशांची निकड आहे त्यांच्यासाठी ‘कमवा व शिका’ आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात विद्यार्थ्यांच्या श्रमातून शिक्षण उभे केले. त्यांच्या परंपरेतील मुलांना आज बागकामाबरोबर सौर पटलांची देखभाल, मीटरचे वाचन, पंख्यांची दुरुस्ती ही कामे दिली, तर हाताला काम मिळेल आणि पदवीबरोबर रोजगाराचे कौशल्यही येईल. धुळीने झाकलेली पटले मी अनेक छपरांवर पाहिली आहेत. बसवण्यासाठी पैसे मिळतात, पुसण्यासाठी कोणी नेमलेले नसते.

दुसरी विनंती पैशांबद्दलची आहे. शासकीय महाविद्यालयांत वीजबिल मंजूर अनुदानातून भरले जाते. बिल कमी झाले तर वाचलेली रक्कम महाविद्यालयाकडे राहत नाही, आणि पुढच्या वर्षी तरतूदच कमी होण्याची भीती असते. काटकसर करणाऱ्याला असा फटका बसत असेल तर काटकसर कोण करील? वाचलेल्या रकमेचा निम्मा भाग किमान पाच वर्षे त्याच महाविद्यालयाला ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पुढील ऊर्जा कामांसाठी वापरू द्यावा आणि उरलेला जिल्हा गटाच्या फिरत्या निधीत जमा व्हावा. त्या निधीतून अनुदानित महाविद्यालयांना बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती त्यांनी आपल्या बचतीतून फेडावी. पहिल्या भांडवलाची तजवीज मात्र शासनालाच करावी लागेल.

विजेइतकाच मोठा, पण लेखापरीक्षणात सहसा न येणारा भाग म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवास. वीस किलोमीटरवरून मोटारसायकलने येणारा मुलगा रोज जवळजवळ पाऊण लिटर पेट्रोल जाळतो आणि वर्षाकाठी सुमारे साडेतीनशे किलो उत्सर्जन करतो. असे शंभर विद्यार्थी असले तर वर उल्लेखलेल्या सौर संचाच्या बचतीपैकी बराच भाग रस्त्यावरच संपतो. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. तरीही मुले दुचाकी घेतात, कारण महाविद्यालय साडेसातला भरते आणि गावातून पहिली गाडी आठला सुटते, किंवा शेवटचे प्रात्यक्षिक संपण्याआधी परतीची गाडी निघून जाते. एका तालुक्यातील सर्व महाविद्यालयांनी आपली वेळापत्रके एकत्र ठेवून दर जूनमध्ये आगारप्रमुखांशी बैठक घेतली, तर एक रुपया खर्च न होता हा प्रश्न बराचसा सुटू शकतो. एकट्या महाविद्यालयासाठी आगार गाडी बदलत नाही. पाच महाविद्यालयांच्या सहाशे पासधारकांसाठी बदलू शकते. मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने तर ही गाडी फारच मोलाची आहे, कारण दुचाकी घरात आलीच तर ती आधी भावाला मिळते.

बाकीच्या बाबी थोडक्यात लिहितो. वातानुकूलन यंत्रांतील आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमानवाढ घडवतो, त्यामुळे गळतीची नोंद आणि दुरुस्ती सक्तीची असावी. वसतिगृहांत विजेच्या गिझरऐवजी सौर बंब असावेत. नव्या इमारतींत दर्शनी काचेचा सोस आवरून हवा खेळती राहील अशी रचना करावी, आणि शेजारच्या महाविद्यालयाचे सभागृह महिन्यातले वीस दिवस रिकामे असताना आणखी एक सभागृह बांधायला परवानगी देण्यापूर्वी विचार व्हावा.

तिसरी आणि शेवटची विनंती पारदर्शकतेची. प्रत्येक महाविद्यालयाने विजेची युनिटे, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस आणि विद्यार्थ्यांच्या प्रवासाची पाहणी असा एक पानी तक्ता दरवर्षी ३० जूनपूर्वी आपल्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावा, आणि तक्त्याचा नमुना सर्व अकृषी विद्यापीठांसाठी एकच असावा. दर विद्यार्थ्यामागे आणि दर चौरस फुटामागे किती ऊर्जा लागते हे शेजारच्या महाविद्यालयाशी ताडून पाहता आले, की प्रमाणपत्राची गरजच उरणार नाही. त्या आकड्यांवरून कोणाला दंड करू नये; ज्यांचे आकडे सर्वांत वाईट असतील त्यांना गटाच्या निधीतून सर्वांत आधी मदत मिळावी.

हे सारे एकदम राज्यभर सुरू करावे असे मी म्हणत नाही. कोल्हापूर, चंद्रपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरुवात करावी: पहिल्याजवळ अग्रणी महाविद्यालयांचा अनुभव आहे, दुसरा कोळशाच्या विजेची झळ सोसतो, आणि तिसऱ्यात ऊन भरपूर आहे. शासन निर्णय काढण्यापूर्वी त्या जिल्ह्यांतील प्राचार्य, तंत्रनिकेतनांचे विद्युत विभागप्रमुख, विद्यार्थी प्रतिनिधी आणि महावितरणचे अधीक्षक अभियंता यांची एक बैठक आपण स्वतः बोलवावी आणि प्रत्येक प्राचार्यांना मागील बारा महिन्यांची वीजबिले सोबत आणण्यास सांगावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक