अण्णा, वेणी फुलली

अण्णा, नमस्कार.

फणसावर यंदा सीतेची वेणी आली. एक नाही, दोन दांडे. पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपके, देठाकडून फुलं उमलत खाली आलीत, शेंड्याकडची अजून मिटलेली आहेत. आईनं खाटेवरून ती माझ्याआधी बघितली आणि मला हाक मारली. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही "चलो आतु", म्हणजे चांगलं झालं, एवढंच कानडीत म्हणालात आणि फोन ठेवलात. पण माझं तेवढ्यानं भागत नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर. मराठीत लिहितेय, तुमची नात वाचून दाखवेल.

इतरांना कळावं म्हणून आधीचं थोडं सांगते. सीतेची वेणी म्हणजे झाडाच्या अंगावर वाढणारं रानातलं ऑर्किड. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरापुढं आंबा आहे. त्यावर ही वेणी मी लहान असल्यापासून होती. जांबोटीकडं पाहुण्यांच्या शेतात पावसानं एक झाड उन्मळून पडलं, त्यावरून बाबांनी ती सोडवून आणलेली. बाबा गेले, वेणी दर उन्हाळ्याच्या शेवटी येत राहिली. तिच्यामुळंच मला ऑर्किडचा नाद लागला. गच्चीवर हिरव्या जाळीखाली डेंड्रोबियम आलं, ऑन्सिडियम आलं, व्हॅन्डाच्या लाकडी टोपल्या टांगल्या, फॅलेनॉप्सिससाठी स्वयंपाकघराची खिडकी अडवली. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आमच्याकडं पोत्यानं असतात. पण ती सगळी झाडं विकत घेतलेली. वेणी तेवढी घरातली.

मागं एका उन्हाळ्यात, तारांना लागतात म्हणून फांद्या छाटायला माणसं आली. आम्ही ओरडेपर्यंत वेणीची फांदी खाली. मुळांचा निम्मा जुडगा सालीसकट फाटला, पानं चिरडली. छाटणारा म्हणाला, "बांडगूळच हाय की ओ ते, गेलं तर बरं झालं." बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं. वेणी झाडाला नुसती धरून राहते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत सालीच्या फटीत कुजलेल्या पाल्याचं. आंब्याचं तिनं इतक्या वर्षांत काही घेतलं नव्हतं. हे त्या माणसाला मी सांगितलंही, पण तोवर तो पुढच्या झाडावर चढला होता.

त्याचा राग गेला माझा. त्याला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांचा राग अजून आहे. एका नर्सरीत घेऊन गेले, त्यांनी पिशवीत डोकावूनही बघितलं नाही. "जंगली माल ओ हा, टाका. थायलंडचं डेंड्रोबियम न्या." जंगली माल! आसामात हेच कोपौ फूल, राज्याचं फूल, बिहू नाचणाऱ्या मुली केसांत माळतात. दुसऱ्यानं तर कहर केला. म्हणाला, हिला कशाला जपताय, खानापूरच्या रानातनं पाहिजे तेवढ्या आणून देतो. तिसरे गृहस्थ ऑर्किडमधले जाणकार म्हणून गावात मान असलेले. त्यांनी फोटो मागवले, मुळांचे वेगळे, पानांचे वेगळे, आणि नंतर फोन उचलायचा बंद केला.

मग भाजीवाल्या अक्कांनी तुमचं नाव सांगितलं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या बागा राखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते अण्णा. तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. पायरीवर बसून वेणी बादलीत बुडवलीत आणि थोड्या वेळानं एकेक मूळ दोन बोटांत धरून बघत गेलात. या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पाणी प्यायलं की जिवंत मूळ हिरवं दिसतं, मेलेलं भुरकट आणि पोकळच राहतं. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं. पण तुटलेल्या झाडाशी इतक्या सावकाश बसलेलं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. "नोड्री ताई, बेरु जिवंत हाय," बघा ताई, मूळ जिवंत आहे, एवढंच बोललात तुम्ही.

पुढं काय कापलं, कशानं बांधलं ते इथं लिहीत नाही. मला लिहायचंय ते दुसरंच.

बांधायचं कुठं, हा प्रश्न होता. पेरूपाशी तुम्ही थांबलातही नाही, पेरू साल टाकतो, मुळांना धरायला काही उरत नाही. मागच्या अंगणातला फणस तुम्हाला पसंत पडला. सकाळचं ऊन, दुपारची सावली, खरबरीत साल. वर दुबेळक्यात जागाही चांगली होती. शिडी लावून झाली. आणि मग एकदम विचारलंत, "अव्वा कुठं झोपत्यात?" अव्वा म्हणजे माझी आई.

कमरेचं हाड मोडल्यापासून आई मागच्या खोलीत खाटेवरच आहे. तुम्ही चपला काढून आत आलात, तिला नमस्कार केलात, आणि खाटेशेजारी गुडघे टेकून तुमचं डोकं तिच्या उशीच्या उंचीला आणलंत. तिथून खिडकीबाहेर बघितलंत. मान जरा डावीकडं नेलीत, जरा वर. खिडकीचा मधला गज आड येतो का तेही बघितलंत. बाहेर जाऊन फणसाच्या खोडावर हात ठेवून ओरडलात, "अव्वा, हात दिसतोय काय?" आई म्हणाली, "जरा खाली." तुम्ही हात खाली घेतलात. "अजून." अजून घेतलात. "हं, तिथं." तिथंच वेणी बांधलीत.

अण्णा, तुमच्या दृष्टीनं हे काहीच नसेल. आजारी माणसाच्या खोलीत सगळे उभ्यानं येतात, उभ्यानं बोलतात. गोळ्या घेतल्या का, जेवलीस का, सूज उतरली का. सगळे मायेनंच विचारतात. पण तिच्या डोळ्यांच्या जागी डोळे नेऊन, तिला तिथून काय दिसतं हे कुणी बघितलं नव्हतं. आणि त्या घरात तिला किती दिवसांनी कुणीतरी एखाद्या गोष्टीचा निर्णय करायला लावला होता. "अजून खाली" म्हणताना तिचा आवाज तिच्या शाळेतल्या दिवसांसारखा होता. मास्तरीण होती ती. तुम्हाला हे ठाऊकही नव्हतं.

वेणीच्या सोयीला वरचीच जागा बरी होती, हे तुम्ही निघताना मला बाजूला घेऊन सांगितलंत. खाली वारा कमी लागतो, म्हणून मुळांवर काथ्या, शेवाळ काही गुंडाळू नका, आपल्याकडच्या पावसात ती कुजतील. आईसमोर बोलला नाहीत, तिची जागा चुकली असं तिला वाटू नये म्हणून. हेही मी विसरणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. भिंतीवरून डोकावून तुम्ही म्हणालात, यंदा ती मुळं करतेय, करू दे. तुमचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला, त्या रानातनं आणून देणाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा. खानापूरकडचं भीमगडचं रान २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून झाड उपटून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण तुम्हाला कायद्यापेक्षा झाडाचं वाईट वाटलं. या झाडाचं बी धुळीइतकं बारीक, त्याच्याजवळ स्वतःची शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच रुजतं, मग फुलायला कितीतरी वर्षं लागतात. अशी वेणी उपटायची, गावात आणायची, आणि एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी बाल्कनीत ती वाळून जाणार. माझ्या गच्चीवरची डेंड्रोबियमं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढलेली आहेत. हौस भागवायला एवढी सोय असताना रानाला हात लावायचं कारण काय? हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला कुणी रानातली वेणी विकायला आणली तर घेऊ नका, एवढी विनंती मी इथंच करून घेते.

चांगली माणसं आपल्या गावात नाहीत असं नाही. आजींना चढायला वेळ लागतो म्हणून बस थांबवणारा कंडक्टर आहे, उधारीची वही मुद्दाम हरवणारा किराणा दुकानदार आहे. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, मराठी-कानडी वादातल्या पाट्यांच्या आणि मोर्च्यांच्या बातम्या मात्र रोज असतात. तुम्ही आईशी बहुतेक कानडीत बोलता, ती तुमच्याशी मराठीत बोलते, आणि बाबांच्या वेणीवर तुमची दोघांची अर्धा तास चर्चा होते. मला ही बातमी सांगायची होती.

आता कामाचं. बुंध्याशी एक फुटवा आलाय, त्यानं स्वतःची मुळं सोडलीत. मला वाटतं अजून एक पावसाळा आईजवळच ठेवावा, पण तुम्ही बघून ठरवा. तो तुमच्या नातीचा. फुलं आठवडाभर तरी राहतील, वळवानं झोडपलं नाही तर. रविवारी या, नातीलाही आणा. शेजारच्या काकू मांडे करणार आहेत, आईनं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
शहापूरची ताई